घशातून इको: धोका नेमका कुठे असतो?

टू-डी इको होते, अहवाल हातात येतो आणि त्याच्या तळाशी डॉक्टरांनी एक ओळ लिहिलेली असते: टीईई करून घ्यावी. घरची माणसं विचारतात, छातीवरून इको नीट झाली ना, मग घशात नळी घालून तीच तपासणी पुन्हा कशाला? दुसरा प्रश्न बहुधा रुग्णाच्या मागे, दाराबाहेर विचारला जातो. यात जिवाला धोका तर नाही? त्यावर ‘काही नाही हो, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे’ असं उत्तर मिळतं. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. या तपासणीत धोका खरोखरच फार कमी आहे. तो कुठे आहे आणि कोणाला आहे हे कळलं, तर तो आणखी कमी करता येतो. त्यातला बराच भाग तर रुग्णाने तोंड उघडून काय सांगितलं यावरच ठरतो.

आधी पहिला प्रश्न. छातीवरून इको काढताना ध्वनिलहरींना कातडी, चरबी, फासळ्या आणि फुप्फुसांतली हवा यांतून वाट काढावी लागते. हवा ही अल्ट्रासाऊंडची वैरी आहे. तिच्या पातळ थरावरसुद्धा लहरी परत फिरतात, म्हणूनच तर छातीवर तो थंडगार जेल चोपडतात. जाड शरीराच्या माणसात किंवा दम्याने, विडीने फुप्फुसं फुगलेल्या माणसात चित्र धूसर येतं ते याच कारणाने. आता पाठीमागून विचार करा. अन्ननलिका छातीतून खाली उतरते ती हृदयाच्या अगदी पाठीला लागून. हृदयाचा मागचा कप्पा, म्हणजे डावी कर्णिका, तिला जवळजवळ टेकलेलीच असते. मध्ये काही मिलिमीटरांचा पडदा, हवा नाही, हाड नाही. इतक्या जवळून पाहायचं असल्यामुळे जास्त वारंवारितेच्या लहरी वापरता येतात. छातीवरून मोठ्या माणसासाठी साधारण २ ते ४ मेगाहर्ट्झ, तर अन्ननलिकेतून ५ ते ७. वारंवारिता वाढली की बारकावे स्पष्ट दिसतात.

डाव्या कर्णिकेला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. एरवी तिची कोणाला आठवणही होत नाही. पण एट्रियल फिब्रिलेशन झालं, म्हणजे कर्णिका नीट आकुंचन न पावता नुसती थरथरू लागली, की या पिशवीत रक्त साकळतं आणि गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. छातीवरच्या इकोत ही पिशवी धड दिसत नाही. अन्ननलिकेतून ती समोर दिसते. वातज्वराने मायट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे अजूनही येतात, त्यांत तरुण बायका बऱ्याच असतात. त्यांची झडप फुग्याने मोकळी करण्याआधी कर्णिकेत गुठळी नाही याची खात्री करावी लागते, कारण फुगा नेमका त्याच कप्प्यातून न्यायचा असतो. झडपेवर जंतूंचा संसर्ग झाला आहे का, बसवलेली कृत्रिम झडप गळते आहे का, महारोहिणीचा थर फाटला आहे का, हे प्रश्नही असेच मागच्या दाराने सुटतात.

हृदयावर अल्ट्रासाऊंडचा प्रयोग पहिल्यांदा झाला तो १९५३ मध्ये, स्वीडनमधल्या लुंड शहरात. इंगे एडलर या डॉक्टरांनी आणि हेलमुट हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी माल्मोच्या जहाजबांधणी गोदीतून धातूतले तडे शोधायचं यंत्र मागून आणलं होतं. घशातून जायची कल्पना १९७६ मध्ये शिकागोत लिओन फ्रेझिन आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्षात आणली. एका तारेच्या टोकाला एकच स्फटिक, आणि पडद्यावर चित्र नव्हे, नुसत्या हलत्या रेघा. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हँबुर्गमध्ये पीटर हॅनराथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जठराच्या दुर्बिणीच्या लवचीक नळीवर अनेक स्फटिकांची पट्टी बसवली, आणि आजची तपासणी जन्माला आली.

दुर्बिणीची नळी घेतली खरी, पण तिच्यातला एक भाग काढून टाकला, आणि मला वाटतं सुरक्षिततेची सगळी गोष्ट इथेच सुरू होते. जठराची दुर्बीण टाकणारा डॉक्टर कॅमेऱ्यातून वाट पाहत पुढे जातो. कुठे अरुंद झालं आहे, कुठे जखम आहे, कुठे वळण आहे, हे त्याला दिसतं. टीईईच्या नळीला कॅमेरा नाही. तिच्या टोकाला ध्वनिलहरींचा डोळा आहे आणि तो हृदयाकडे लागलेला आहे. ज्या अन्ननलिकेतून ती सरकते, ती तिला दिसत नाही. सुमारे एक मीटर लांबीची, टोकाला साधारण बोटाएवढी जाड नळी, आंधळेपणाने, फक्त हाताच्या अंदाजाने आत न्यायची. म्हणजे आतल्या वाटेची माहिती नळीला बाहेरूनच मिळायला हवी. ती माहिती रुग्णाकडे असते.

लहरींची भीती मात्र मनातून काढून टाकावी. इथे एक्स-रे नाही, किरणोत्सर्ग नाही. नळीचं टोक चालताना थोडं तापतं, पण त्यात तापमापक बसवलेला असतो आणि साधारण ४२-४३ अंश सेल्सिअसच्या आसपास यंत्र स्वतःच थांबतं.

धोका आहे तो वाटेवर. घशाच्या तळाशी, अन्ननलिका जिथे सुरू होते, तिथे एक गोल स्नायू एरवी घट्ट मिटलेला असतो. आपण गिळतो तेव्हाच तो क्षणभर सैल पडतो. म्हणून तपासणीच्या वेळी डाव्या कुशीवर झोपवून, हनुवटी छातीकडे घ्यायला लावून डॉक्टर म्हणतात, ‘गिळा.’ हे म्हणणं केवळ धीर देण्यासाठी नसतं. त्या गिळण्याने दार उघडतं आणि नळी आत सरकते. दार मिटलेलं असताना जोर केला तर त्याच्या जरा वरचा भाग, जिथे स्नायूंची भिंत मुळातच कमकुवत असते, तिथे इजा होऊ शकते. जाग्या रुग्णात अन्ननलिकेला भोक पडण्याचे जे मोजके प्रकार घडतात, त्यांतले बरेचसे याच टापूत.

याच ठिकाणी काही वयस्कर माणसांत भिंतीचा एक फुगवटा बाहेर येतो आणि पिशवी तयार होते. खाल्लेलं अन्न तिच्यात अडकतं. काही तासांनी, न पचलेलं, तसंच्या तसं तोंडात येतं. तोंडाला वास येतो, गिळताना मानेत गुडगुड ऐकू येते. बहुतेक जण हे म्हातारपणाचं म्हणून सोडून देतात. आंधळी नळी मात्र सरळ अन्ननलिकेत न जाता या पिशवीत शिरू शकते, आणि पिशवीची भिंत कागदासारखी पातळ असते. आजोबांना रात्री उशीवर दुपारचा भात दिसतो, ही गोष्ट हृदयाच्या डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे असं घरात कोणाला वाटत नाही. ती सांगायलाच हवी.

अन्ननलिकेची गाठ, तिचं अरुंद होणं, भिंतीतला फुगवटा किंवा फाटलेला भाग, पोटातला चालू रक्तस्राव, जठर-आतड्याला पडलेलं भोक, यांपैकी काही असेल तर ही तपासणी करत नाहीत. मानेला वा छातीला पूर्वी दिलेले किरण, जठराचं झालेलं ऑपरेशन, अलीकडची रक्ताची उलटी, यकृताच्या आजारात अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा, मानेचे न वळणारे मणके, अशा बाबतींत डॉक्टर फायद्या-तोट्याचा हिशेब करून ठरवतात. कधी आधी पोटाच्या डॉक्टरांकडून दुर्बीण करून घेतात, म्हणजे वाट एकदा डोळ्यांनी पाहून होते.

आपल्याकडच्या दोन गोष्टी इथे मुद्दाम सांगायच्या आहेत. पहिली सुपारी आणि गुटख्याची. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याने गालांचं आतलं कातडं आखडून तोंड उघडेनासं झालेली माणसं दवाखान्यात येतच असतात. दातांमध्ये स्वतःची तीन बोटं उभी मावत नसतील, तर नळी आणि दातांमध्ये धरायचा तो प्लास्टिकचा माउथपीस दोन्ही कसे जाणार, याचा विचार टेबलावर झोपवण्याआधी करायला हवा. तोंडाच्या कर्करोगासाठी किरण घेतलेल्यांचा घसाही असाच ताठ झालेला असतो.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. कधीकाळी संडास साफ करायचं अॅसिड पोटात गेलेलं असतं, चुकून किंवा जाणूनबुजून. माणूस वाचतो, पण अन्ननलिकेत व्रण राहून ती जागोजागी आवळली जाते. कुटुंब ती घटना कुलूप लावून ठेवतं. सुनेने काय केलं होतं हे सासूसमोर सून कशी सांगणार? अशा अरुंद नलिकेत जोर लावला तर ती फाटू शकते. म्हणून गिळण्याचे प्रश्न रुग्णाला एकटीला, नातेवाईक बाहेर पाठवून विचारावेत, असं माझं ठाम मत आहे. आणि विचारताना ‘गिळायला त्रास होतो का?’ एवढं पुरत नाही. भाकरी जाते का, की पाण्याबरोबर ढकलावी लागते? गोळी अडकते का? जेवायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो का? त्रास अंगवळणी पडलेला माणूस पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतो आणि भाकरीच्या प्रश्नाला थबकतो.

आता आकडे. युरोपातल्या १५ केंद्रांनी मिळून केलेल्या १०,४१९ तपासण्यांचा हिशेब वेर्नर डॅनिएल आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडला. रुग्ण बहुतेक जागे होते. २०१ जणांत नळी आत गेलीच नाही, जवळजवळ सगळ्यांत रुग्णाला ते जमलं नाही म्हणून किंवा डॉक्टरांचा सराव कमी पडला म्हणून. उरलेल्यांत ९० वेळा, म्हणजे ०.८८ टक्के, तपासणी मध्येच थांबवावी लागली, त्यातल्या ६५ वेळा निव्वळ सहन झालं नाही म्हणून. मृत्यू एक. त्या रुग्णाच्या फुप्फुसातला कर्करोग अन्ननलिकेत शिरलेला होता आणि तिथून रक्तस्राव झाला. दहा हजारांत एक हा आकडा पुढे सगळीकडे सांगितला गेला. त्या एकाची हकिगत मात्र कमी सांगितली गेली, आणि मला ती आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते, कारण वाटेतच आजार होता.

हृदयाच्या ऑपरेशनमध्ये पूर्ण भूल दिलेल्या रुग्णांतही ही नळी घालून ठेवतात. बॉस्टनमधल्या अशा ७,२०० रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये आला. मृत्यू नाही, त्रास ०.२ टक्के, त्यात गिळताना होणारी तीव्र वेदना सर्वांत जास्त, हजारात एकाला. दात तुटणं, रक्तस्राव हे दहा हजारांत तीन, अन्ननलिकेला भोक एका रुग्णाला. दिलासा देणारे आकडे आहेत. पण २००५ च्या दुसऱ्या एका अभ्यासात ऑपरेशनच्या वेळी ही नळी घातलेल्या ५१६ रुग्णांपैकी सहा जणांना पचनमार्गाची गंभीर इजा झाल्याचं आढळलं, आणि सहांपैकी चौघांची इजा उशिरा लक्षात आली. गुंगीतल्या माणसाला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही. जागा रुग्ण कण्हतो, डोळे मोठे करतो, हात वर करतो, आणि डॉक्टरांचा हात थांबतो. भूल दिली की हा इशारा बंद पडतो, आणि ऑपरेशननंतरच्या वेदनाशामकांखाली पुढचे इशारेही दबून जातात.

गेल्या काही वर्षांत चित्र आणखी बदललं आहे. छाती न उघडता मायट्रल झडपेला चिमटा लावणं, कर्णिकेची ती पिशवी झाकणाने बंद करणं, अशा उपचारांत डॉक्टर अन्ननलिकेतल्या नळीच्या डोळ्याने वाट काढतात. नळी तासभर, कधी त्याहून जास्त आत राहते, सतत वाकवली जाते, वळवली जाते. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये अशा ५० रुग्णांची उपचाराआधी आणि नंतर दुर्बिणीने तपासणी केली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की ८६ टक्के रुग्णांच्या अन्ननलिकेत वा जठरात नवी इजा दिसली आणि ४० टक्क्यांत ती किरकोळ खरचटण्याच्या पलीकडची होती, म्हणजे भिंतीत साकळलेलं रक्त किंवा आतल्या अस्तराला पडलेली चीर. यातल्या बहुतेकांना पुढे मोठा त्रास झाला नाही. पण उपचार जितका लांबला तितका धोका वाढला, आणि चित्र नीट येत नसेल तर तो आणखी वाढला, कारण चित्रासाठी नळी जास्त हलवली जाते. तेव्हा दहा मिनिटांच्या तपासणीचा जुना आकडा दोन तासांच्या उपचाराच्या संमतीपत्रकाला लावणं बरोबर नाही. दोन्हींत नळी तीच असली तरी धोका वेगळा आहे.

नळी हाताळण्याचंही शास्त्र आहे. मुठीवर दोन चाकं असतात, मोठ्याने टोक पुढे-मागे वाकतं, लहानाने डावी-उजवीकडे. वाकवलेल्या स्थितीत टोक कुलूपबंद करता येतं, आणि तसं कुलूप लावून नळी पुढे-मागे सरकवणं ही या कामातली सर्वांत मोठी चूक. वाकलेलं टोक आतल्या अस्तराला खरवडत जातं. पूर्वीच्या नळ्यांत एकाच आडव्या छेदात दिसायचं, म्हणून टोक फार वळवावं लागे. १९९० च्या दशकात स्फटिकांची पट्टी बटण दाबून ० ते १८० अंशांत फिरवता येऊ लागली. नळी जागच्या जागी राहून छेद बदलतो. यंत्र सुधारल्याने चित्र तर चांगलं झालंच, अन्ननलिकेचीही दगदग कमी झाली.

घसा बधिर करायचा फवारा आणि गुंगीचं औषध यांचा धोका वेगळा. दहा टक्क्यांच्या लिग्नोकेन फवाऱ्यात एका दाबाला १० मिलिग्रॅम औषध पडतं, म्हणून ‘अजून थोडं मारा’ म्हणत राहणं योग्य नाही. बेन्झोकेन नावाच्या बधिरतेच्या औषधाने क्वचित रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडून प्राणवायू सोडेनासं होतं. माणूस निळसर पडतो, रक्त चॉकलेटी दिसतं, बोटावरचा मापक प्राणवायू लावूनही ८५ च्या आसपास अडकून राहतो. मिथिलीन ब्लू शिरेतून दिलं की उतार पडतो, फक्त हे ओळखणारं कोणी खोलीत हवं. गुंगीच्या इंजेक्शनने श्वास मंदावू शकतो, म्हणून प्राणवायू, रक्तदाब, ईसीजी यांवर नजर ठेवणारी व्यक्ती नळी धरणाऱ्या डॉक्टरांपेक्षा वेगळी असावी. बऱ्याच ठिकाणी गुंगी न देता केवळ फवाऱ्यावर तपासणी होते. उबळ येते, डोळ्यांत पाणी येतं, लाळ वाहते. ते अपमानास्पद वाटतं, पण त्यात धोका नाही. लाळ गिळायची नाही, गालातून वाहू द्यायची, हे आधी सांगितलं तर निम्मी घाबरगुंडी कमी होते.

आधी सहा तास पोटात अन्न नको, दोन तास पाणीही नको, कारण उलटी झाली तर ती बधिर घशातून श्वासनलिकेत जाईल. ‘फक्त चहा-बिस्कीट घेतलं’ हे लपवण्याऐवजी तपासणी दुपारवर ढकललेली बरी. कवळी काढून ठेवायची, हलणारा दात दाखवायचा. रक्त पातळ करायच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. या तपासणीसाठी बहुधा त्या बंद कराव्या लागत नाहीत, आणि एट्रियल फिब्रिलेशनमध्ये त्या थांबवल्या तर ज्या गुठळीला आपण शोधतो आहोत तीच तयार व्हायची.

एकाच नळीने अनेक रुग्ण तपासले जातात, हा प्रश्नही रास्त आहे. ही नळी उकळता येत नाही, वाफेच्या भट्टीत घालता येत नाही. प्रत्येक रुग्णानंतर ती धुऊन ठरलेला वेळ जंतुनाशकात बुडवावी लागते आणि मग पुन्हा धुवावी लागते. हे दुसरं धुणं घाईत उरकलं तर औषधाचा अंश राहून ओठ-तोंड भाजल्याची उदाहरणं आहेत. नळीवर दाताचा व्रण पडून भोक पडलं, तर तिथे जंतू राहतात आणि आतल्या विजेचा संपर्कही होऊ शकतो, म्हणून तिची तपासणी वेळोवेळी व्हावी लागते.

एवढं सगळं वाचून कोणी तपासणीच नाकारली, तर तीही चूक होईल. २००१ मध्ये १,२२२ रुग्णांवर झालेल्या अॅक्यूट नावाच्या अभ्यासात, हृदयाची लय विजेच्या झटक्याने सुधारण्याआधी अन्ननलिकेतून गुठळी नाही याची खात्री केली, तर आठवडेच्या आठवडे नुसती औषधं घेऊन थांबण्याइतकंच संरक्षण मिळालं आणि रक्तस्राव कमी झाले. ज्यांची वाटच खराब आहे त्यांच्यासाठी हृदयाचा सीटी स्कॅन आहे, काही उपचारांत मांडीच्या शिरेतून हृदयात नेता येणारी बारीक अल्ट्रासाऊंडची तार आहे. ती महाग आहे, पण अन्ननलिकेला हात लावत नाही.

तपासणी झाल्यावर घसा एक-दोन दिवस खवखवतो, आवाज जरा बसतो. बधिरपणा जाईपर्यंत, साधारण तास-दोन तास, काही खायचं-प्यायचं नाही, मग पहिला घोट पाण्याचा घेऊन पाहायचा. पण खवखव ओसरण्याऐवजी वाढत गेली, मानेत किंवा छातीत, पाठीत खुपू लागलं, थुंकी गिळवेना, ताप भरला, रक्ताची उलटी झाली, किंवा मानेच्या कातडीवर बोट दाबलं की आत चुरचुर लागली, तर रात्र काढू नये. ती चुरचुर म्हणजे नलिकेतून निसटलेली हवा असू शकते. भोक पहिल्या काही तासांत सापडलं तर निभावून नेता येतं, दिवस गेला की छातीत संसर्ग पसरतो. अशा वेळी माणूस घाईत जवळच्या कोणत्याही दवाखान्यात जातो, आणि तिथले डॉक्टर हृदयरोगी म्हणून छातीतल्या दुखण्याचा ईसीजी काढतात, तो ठीक निघाला की अॅसिडिटीची गोळी देतात. दारातच त्यांना सांगायचं: काल घशातून इको झाली होती.